आबांच्या फळ्या

धुळ्याहून साक्रीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक घर आहे. त्याच्या दर्शनी भिंतीचा रंग दर तीन-चार दिवाळ्यांनी बदलतो. एकदा पिस्ता होता, मध्ये गुलाबी झाला, सध्या फिकट पिवळा आहे. रंगाखाली गिलावा आहे आणि गिलाव्याखाली माझी पहिली उघड्या काँक्रीटची भिंत आहे. १९९६ सालच्या मे महिन्यात ती भरली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात झाकली. त्या भिंतीबद्दल मी एक खोटं बोललो होतो. ते कोणापुढे बोललो आणि त्याची किंमत कोणी दिली, हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

किंमत दिली आबांनी. आबा सेंट्रिंगचे मिस्तरी, मूळचे पांझरेकाठच्या एका गावचे सुतार. वडलांच्या हाताखाली त्यांनी बैलगाड्यांची चाकं केली. पुढे लाकडी चाकं जाऊन टायरं आली, मग गाड्याच कमी झाल्या, तेव्हा ते धुळ्यात येऊन स्लॅबखालच्या फळ्या ठोकू लागले. त्यांचं नाव इथे लिहू का, असं मी त्यांच्या मुलाला विचारलं होतं. तो म्हणाला, "सगळे आबाच म्हणायचे, आबाच लिहा."

मी धुळ्याचाच. आमच्या जुन्या शहरात गल्ल्यांना नंबर आहेत. १८१९नंतर कॅप्टन ब्रिग्जच्या काळात आखीव पेठ वसली, तिचे सरळ रस्ते अजून तसेच आहेत. आमचं घर धाब्याचं होतं. लाकडी सरांवर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी वडील वर खारी माती पसरून घेत. १९७९ साली त्यांनी धाबं उतरवलं आणि स्लॅब टाकायचं ठरवलं. तेव्हा सिमेंट नियंत्रणात होतं, परमिटवर मिळायचं. वडलांनी कचेरीत मारलेल्या फेऱ्यांचा हिशेब आई पुढे कित्येक वर्षं ऐकवत असे. स्लॅब भरला त्या दिवशी निम्मी गल्ली बघायला आली होती. नारळ फुटला, मजुरांना गोडाचं जेवण झालं. पुढच्या उन्हाळ्यात आजी मात्र रात्रभर कूस बदलत राहिली आणि सकाळी म्हणाली, "धाबं बरं व्हतं, हाई तर तवा शे." काँक्रीटवर मी ऐकलेली ती पहिली टीका. आजही मला ती खोडता आलेली नाही.

मुंबईला आर्किटेक्चर शिकायला गेलो आणि आजीचा तवा विसरलो. वर्गात फ्रान्समधल्या मार्सेयच्या एका प्रचंड निवासी इमारतीच्या स्लाइड दाखवल्या गेल्या. ती १९५२ साली पूर्ण झाली. युद्धानंतरचे दिवस, हाताखाली नाना तऱ्हेचे ठेकेदार, प्रत्येकाचं काम वेगळ्या प्रतीचं. तिचा वास्तुकार ल कॉर्बुझिए, त्यानं ते ओबडधोबड काँक्रीट झाकलं नाही, तसंच उघडं ठेवलं. मला त्यातलं धाडस तेवढं दिसलं. ते धाडस निभवायला केवढा माणूस लागतो, हे दिसलं नाही.

१९८८च्या दिवाळीच्या सुट्टीत एस.टी.नं सुरत आणि पुढे रेल्वेनं अहमदाबाद गाठलं. आश्रम रोडवरच्या गिरणीमालक संघाच्या इमारतीसमोर मी अख्खी दुपार काढली. १९५४ची, ल कॉर्बुझिएचीच इमारत. रस्त्याच्या बाजूला काँक्रीटचे तिरपे उभे पडदे, पश्चिमेचं ऊन अडवणारे, आणि मधूनच वर चढत जाणारा उतार. दुसऱ्या दिवशी पालडीला टागोर हॉल पाहिला. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी तो आखला आणि महेंद्र राज यांनी त्याचं गणित सोडवलं. कागदाला घड्या घातल्या की तो उभा राहतो, तशा काँक्रीटच्या घड्या. मी वहीत रेखाटनं केली. ती वही अजून माझ्याकडे आहे. मध्यंतरी चाळली तेव्हा लक्षात आलं की एकाही पानावर माणूस काढलेला नाही.

शिक्षण संपवून मी धुळ्याला परतलो. वडलांची तब्येत हे कारण मी सांगत असे. खरं म्हणजे मुंबईत कोणी फारसं विचारत नव्हतं. पहिलं घर मिळालं वडलांच्या मित्राचं. ते निवृत्त मुख्याध्यापक, आम्ही त्यांना काका म्हणत असू. आयुष्यभराची पुंजी घालून ते घर बांधत होते. मी त्यांना सांगितलं की समोरची बावीस फूट लांब, बारा फूट उंच भिंत आपण उघड्या काँक्रीटची करू. गिलावा नाही, रंग नाही, फळ्यांच्या रेषा तेवढ्या दिसतील. काकांना त्यातलं काही पटलं असेल असं वाटत नाही. ते इतकंच म्हणाले, "तुला जमेल ना?"

आबांशी माझी ओळख तिथली. माझं पहिलं चुकलं ते बोलण्यात. घरी मी अहिराणी बोलायचो, साइटवर मात्र मुंबईची मराठी. आबा मला 'साहेब' म्हणाले आणि मी ते म्हणू दिलं. पुढे काम करता करता ते केव्हातरी 'भाऊ' म्हणू लागले होते.

भिंत भरायच्या आधी आबांनी तीन गोष्टी मागितल्या. फळ्या नव्या कोऱ्या होत्या. त्यांना आधी दोनदा सिमेंटचं पातळ पाणी फासून उन्हात वाळवू द्या, ही पहिली. पहाटे चारला सुरुवात करू, ही दुसरी. आणि एकदा सुरू केलं की थांबायचं नाही, त्यासाठी दुसरा मिक्सर सांगून ठेवा, ही तिसरी. तिन्ही मी मोडीत काढल्या. फळ्यांना सिमेंट फासलं तर लाकडाची ताजी रेघ बुजेल, असं मला वाटलं. दुसऱ्या मिक्सरचं भाडं मला जास्त वाटलं. आणि पहाटे चारला का नको, तर मुंबईचा एक मित्र कॅमेरा घेऊन सकाळच्या गाडीनं येणार होता. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

दहाला माल पडायला लागला. मे महिना, धुळ्याचं ऊन. साडेबाराला मिक्सरचा पट्टा तुटला. नवा पट्टा येईपर्यंत दीड तास गेला. तेवढ्यात साच्यातला खालचा थर आळून बसला. वरचा माल उन्हानं घट्ट झाला, घमेल्यातून सुटेना. आमच्या पुस्तकाप्रमाणे वीस ग्रेडच्या काँक्रीटला पन्नास किलोच्या गोणीमागे फार तर तीस लिटर पाणी. मी म्हणालो, "पाणी टाका." आबा जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, पानी नका टाकू." मी मोठ्यानं म्हणालो, "टाका."

साचा काढला तेव्हा भिंतीवर आडवी तिरकी रेघ होती, जिथे थांबलो तिथे. तिच्या खाली जागोजागी खडी उघडी पडलेली, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. सांध्यांतून सिमेंटचं दूध गळून गेलेलं. वर फिकट, पाणथळ रंग. आणि सगळीकडे पृष्ठभाग भुकटीसारखा. काका आले. त्यांनी बोट फिरवलं, बोट पांढरं झालं. फळ्यावर खडूनं लिहिण्यात जन्म गेलेल्या त्या माणसानं ते बोट क्षणभर पाहिलं आणि विचारलं, "हे असंच असतं का?"

मी म्हणालो, "मिस्तरींनी माल नीट कोचला नाही."

आबा चार हातांवर तारा सोडवत होते. त्यांनी वर पाहिलं. काकांनी त्यांना विचारलं, "का हो?" आबा म्हणाले, "चुकलं असेल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "या तारा काढू का, साहेब?" त्या एका 'साहेब'मध्ये सगळं आलं.

भिंत वाचेल या आशेनं मी आठवडाभर पाणी मारायला लावलं. पाणी टँकरचं, विकतचं. मागच्या वस्तीतल्या बाया हंडे घेऊन नळाच्या वाटेला बसलेल्या असत. एक दिवस त्यांतली एक जण पाइपजवळ थांबली आणि म्हणाली, "भिंतले पानी पाजतस, नि आमले?" मला उत्तर सुचलं नाही. तिचा हंडा भरून द्यावा एवढंही सुचलं नाही. मी पाइप बंद करायला सांगून निघून गेलो. म्हणजे तिला पाणी मिळालं नाही आणि भिंतीलाही मिळालं नाही. काकांनी गिलावा करून घेतला आणि त्याचा खर्च आबांच्या बिलातून कापला. मी तिथेच उभा होतो.

पुढची दोन-तीन वर्षं मी दुकानांचे गाळे केले, संडास-न्हाणीघरं केली. उघड्या काँक्रीटचं नाव काढलं नाही. विचारलंच तर म्हणायचो, आपल्याकडे कारागीर नाहीत. हे दुसरं खोटं, आणि पहिल्यापेक्षा वाईट, कारण ते माझ्या क्षेत्रातल्या सगळ्यांना पटायचं.

१९९८ साली एका नातेवाइकाच्या मुलाला आयआयटीत सोडायला कानपूरला गेलो. त्याच्या नावनोंदणीच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा मी आवारात फिरत राहिलो. ते आवार अच्युत कानविंदे यांचं. जन्म १९१६चा, गाव कोकणातलं आचरे. जे. जे.मध्ये शिक्षण, मग सरकारनं हार्वर्डला पाठवलं, तिथे वॉल्टर ग्रोपिअसच्या हाताखाली. आयआयटीचे पहिले संचालक पु. का. केळकर. या दोन मराठी माणसांनी साठच्या दशकात गंगेकाठच्या सपाट मैदानात ते उभं केलं. मी कानविंद्यांना कधी भेटलो नाही, २००२ साली ते गेले. तरी त्यांचं ऋण माझ्यावर आहे, आणि ते त्या दोन तासांचं आहे.

काँक्रीटचा सांगाडा आणि मधे वीट, बस. इमारतींना जोडणारे झाकलेले पदपथ. ऑगस्टमधला उकाडा होता, तरी मुलं त्या पदपथांच्या सावलीतून निवांत चालली होती. एकही भिंत 'माझ्याकडे बघा' म्हणत नव्हती. नंतर कानविंद्यांच्या मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीची चित्रं मिळवून पाहिली, सत्तरच्या दशकातली. गडाच्या बुरुजांसारखे काँक्रीटचे मनोरे. एखाद्याला वाटेल, काय नाट्य आहे! पण ते मनोरे आतली हवा वर खेचण्यासाठी आहेत. कानविंद्यांना आत काम करणाऱ्यांचा उकाडा बाहेर काढायचा होता. मला मित्राच्या कॅमेऱ्यापुढे भिंत उभी करायची होती. शिवाय कानपूरच्या त्या दिवशी मला प्रथमच आजी आठवली. स्लॅबला तिनं तवा म्हटलं होतं, आणि माझ्या संपूर्ण शिक्षणात त्या तव्याबद्दल मी एक प्रश्न विचारला नव्हता.

कानपूरहून आल्यावर लगेच आबांकडे गेलो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. आठ महिने गेले. शेवटी १९९९च्या आखाजीला गेलो. आमच्याकडे आखाजी म्हणजे मोठा सण. त्या दिवशी दारात आलेल्याला कोणी हाकलत नाही, हा हिशेब मनात नव्हता असं नाही. घरात खापरावरचे मांडे चालले होते. मी बोलायला लागलो तर आबा म्हणाले, "पहिले खाई ल्या." मांडे आणि आमरस पोटात गेल्यावर मी जे बोलायचं ते बोललो. अहिराणीत बोललो. आबा ऐकत राहिले. मी खिशातून बिलातले कापलेले पैसे काढून पुढे केले. मला वाटलं होतं ते नको म्हणतील, मग मी आग्रह करीन. आबांनी ते घेतले, मोजले, बंडीच्या खिशात घातले आणि म्हणाले, "हाई मन्हं शे."

पैसे त्यांचेच होते. पण त्या भिंतीनंतर दोन ठेकेदारांनी त्यांना भिंतींचं काम देणं बंद केलं होतं, हे मला त्यांच्या मुलाकडून कळलं. ते परत करण्यासारखं नव्हतं.

मग ते मला घरामागे घेऊन गेले. फळ्यांची रास होती. एक नवी फळी आणि एक जुनी, दोन्हींवर त्यांनी ओंजळभर पाणी ओतलं. नवीनं ते पिऊन टाकलं, जुनीवरून ओघळलं. "नवी फळी दूध पी लेस," ते म्हणाले. सिमेंटचं दूध म्हणजे सिमेंट मिसळलेलं पाणी. नव्या लाकडात साखरेसारखी द्रव्यं असतात, ती सिमेंटला वरवर आळू देत नाहीत, म्हणून हाताला भुकटी लागते. हे मी नंतर पुस्तकात वाचलं. आबांना ते लाकडाकडून कळलं होतं. खडीच्या ढिगावर सावली हवी, असंही त्यांनी काकांच्या साइटवर सांगितलं होतं आणि मी हसलो होतो. उन्हाळ्यातल्या काँक्रीटसाठी १९७५ साली निघालेलं भारतीय मानक आहे, क्रमांक ७८६१. त्यातही तेच आहे: खडी सावलीत ठेवा, तिच्यावर पाणी शिंपडा, कालवायच्या पाण्यात बर्फ घाला. माझ्या कपाटात ती पुस्तिका होती.

त्या पावसाळ्यात आणि पुढच्या हिवाळ्यात आम्ही दोन-दोन फुटांचे अकरा चौकोन ओतले. आबांच्या घराच्या मागच्या भिंतीला ते टेकवून ठेवलेले असत. मी वहीत सगळं लिहायचो: गोणीमागे पाणी किती, वाळू गिरणेची की तापीची, फळी आंब्याची की सागाची. वाळूतल्या बारीक गाळानंही रंग बदलतो, हे तिथे कळलं. फळ्यांना चोपडायला सगळे गाड्यांचं जळकं ऑइल वापरतात; एरवी चालतं, कारण वर गिलावा येतो, पण उघड्या भिंतीवर त्याचे काळपट ओघळ जन्मभर राहतात. आबांनी त्याऐवजी गोडं तेल अगदी पुसट लावून पाहिलं. फळीला आधी तारेच्या ब्रशनं घासलं की मऊ लाकूड निघतं, कठीण रेघ वर राहते आणि ती रेघ काँक्रीटमध्ये उलटी उमटते. ओतण्याआधी फळी भिजवली की ती फुगते, सांधा आपोआप मिटतो. बैलगाडीच्या चाकाचं लाकूड हाताळलेल्या माणसाला लाकूड फुगणं-आटणं नवं नव्हतं. चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात आणि पाणी ओतून आवळतात, त्याचीच ही दुसरी बाजू, असं ते म्हणत.

एकदा त्यांनी एका मोडक्या गाडीच्या साटीच्या फळ्या आणल्या. पिढी-दोन पिढ्यांची झीज, खिळ्यांची भोकं, दोरांच्या घासांच्या खाचा. तो चौकोन उघडला तेव्हा मी वेडावलो. म्हटलं, आबा, अख्खी भिंत अशी करू. आबांनी मान हलवली. "गाडी शे ती, नक्षी नही," म्हणाले. तो चौकोन त्यांनी न्हाणीजवळ कपडे धुवायला टाकला. मला तेव्हा फार वाईट वाटलं. आज शहरांतल्या हॉटेलांमध्ये नव्या लाकडाला मुद्दाम खाचा पाडून लावलेल्या दिसतात, तेव्हा तो धुण्याचा दगड आठवतो.

२००१ साली रावेर भागातल्या एका केळीबागायतदारांनी मळ्यातल्या घराचं काम दिलं. पश्चिमेच्या अंगाला एकच उंच भिंत काँक्रीटची, तीही घरापासून चार फूट सोडून, घरावर सावली पडावी म्हणून. मध्ये हवा फिरायला वाट. भिंत तापली तर तापू दे, तिची धग घरात येऊ नये. आजीच्या तव्यावर मला सुचलेला हा एवढाच इलाज. पहाटे साडेतीनला गॅसबत्तीच्या उजेडात सुरुवात केली. खडी रात्रभर ओल्या तरटाखाली होती, पिंपात भुसावळहून आणलेल्या बर्फाच्या लाद्या होत्या, दोन मिक्सर होते. मी कुठेही 'टाका' किंवा 'नका' म्हटलं नाही. घमेल्यांच्या रांगेत उभा राहिलो. साडेआठला भिंत भरून झाली. उभा साचा चोवीस तासांत काढता येतो. आबांनी तीन दिवस हात लावू दिला नाही, आणि काढला तो एकाच सकाळी सगळा. वेगवेगळ्या दिवशी काढला तर रंग वेगवेगळे पडतात.

राहिलं पाणी. कडक उन्हात निदान दहा दिवस भिंत ओली ठेवायची, आणि सिमेंटमध्ये औष्णिक केंद्राची राख असेल तर चौदा. साक्री रस्त्यावरच्या त्या बाईंचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. ते मी आबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मालकांकडून केळीच्या जुन्या ठिबकच्या नळ्या मागून आणल्या. ठिबक सिंचनवाल्या भवरलाल जैन यांच्या जळगाव जिल्ह्यात ठिबकाची नळी कुठल्याही शेताच्या बांधावर सापडते. भिंतीला तरट गुंडाळलं, त्यावर खताच्या गोण्यांचं प्लास्टिक, आणि भिंतीच्या माथ्यावर ठिबकाची नळी. थेंब थेंब पाणी तरटात झिरपत खाली यायचं, खालच्या चरात जमायचं, चर केळीच्या ओळीला जोडलेला. भिंतीचं उष्टं पाणी केळी प्यायची. ठिबकावर भिंत जगवताना मी तोवर कुठे पाहिलं नव्हतं. लोक ते माझ्या नावावर सांगतात. मी दुरुस्ती करतो, तरी माझ्याच नावावर राहतं. म्हणून इथे लिहून ठेवतो: ती युक्ती आबांची, आणि तिचं बी त्या हंडेवाल्या बाईंनी टाकलेलं. त्यांचं नाव मी तेव्हा विचारलं नाही.

तरट काढल्यावर बागायतदारांनी भिंतीला हात लावला, मागे सरून पाहिलं आणि विचारलं, "छान झाली. आता रंग कधी देणार?" आबा खूप हसले. त्यांना मी इतकं हसताना तेव्हाच पाहिलं. त्या दिवशी परतीच्या गाडीत त्यांनी मला पुन्हा 'भाऊ' म्हटलं. मी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, नाहीतर डोळ्यांत पाणी आलं असतं.

काकांना मात्र खरं सांगायचं राहून गेलं. ते गेल्यावर पाच-सहा वर्षांनी त्यांच्या मुलाकडे गेलो आणि मे महिन्यातली ती हकिगत सांगितली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "असू द्या हो, इतकी जुनी गोष्ट. तुम्ही आलाच आहात तर वरच्या बाथरूमची गळती जरा बघता का?" मी बघितली. फरशीखालचा सांधा उघडला होता. माणूस पाठवून दुरुस्त करून दिला, पैसे घेतले नाहीत. एवढंच जमलं.

आबा २००९ साली मुलाबरोबर सुरतेला गेले. आमच्या खानदेशातली किती घरं तशीच उठून उधना-लिंबायतला गेली आहेत. तिथे मुलगा कापडाच्या कारखान्यात होता. आबांना काम नव्हतं, हात मात्र स्वस्थ बसत नव्हते. नातवंडांना गाड्या करून देत. मी वर्षातून एकदा जायचो. २०१४च्या हिवाळ्यात रात्री मुलाचा फोन आला. मिळेल त्या गाडीनं निघालो, कोंडाईबारीचा घाट उतरलो आणि सकाळी थेट अश्विनीकुमारला पोचलो.

अश्विनीकुमार हे सुरतचं तापीकाठचं जुनं स्मशान. कर्णाला तिथेच अग्नी दिला अशी लोकांची श्रद्धा आहे. तिथलं नवं स्मशानगृह उघड्या काँक्रीटचं आहे, गुरजीत सिंग माथारू यांनी आखलेलं. मी त्याची चित्रं पाहिली होती, प्रत्यक्ष कधी गेलो नव्हतो. आबांना आत नेलं आणि आम्ही बाहेर थांबलो. मुलतईहून निघालेली तापी रावेरच्या त्या मळ्याजवळून वाहत वाहत इथपर्यंत येते. मला काय करावं कळेना, म्हणून भिंतीजवळ गेलो. हात आपोआप साच्याच्या सांध्यावर गेला आणि रेघ चाचपू लागला. भान आलं तेव्हा लाज वाटून हात काढला. मागे आबांचा मुलगा उभा होता.

"आबांनी पण हेच केलं होतं," तो म्हणाला. दोन वर्षांपूर्वी गल्लीतलं कोणी गेलं होतं, तेव्हा आबा इथे आले होते. सगळे एकीकडे बसलेले, आणि हे भिंतीवर हात फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. मग तिथल्या कार्यालयात जाऊन विचारत होते, "हाई भिंत कोनी भरी?" कार्यालयातल्या माणसाला आधी कळेना. मुलानं गुजरातीत समजावलं. तेव्हा तो म्हणाला, आर्किटेक्टचं नाव हवं का, ते कागदावर असेल, शोधून देतो.

"आबा म्हणाले, तो नही. भरनारा."